मोडीत घालण्याआधी

आपल्या प्रत्येकाच्या घरात एक डबा असतो. कुठे तो लोखंडी पेटीच्या तळाशी असतो, कुठे धान्याच्या कोठीत, कुठे देवघरामागच्या कोनाड्यात. त्यात काय आहे हे घरच्या बाईला तोंडपाठ असते, पुरुषाला अंदाज असतो, आणि मुलांना हात लावायची बंदी असते. आज मी बोलणार आहे ते या डब्याविषयी, आणि माळ्यावर पालथ्या पडलेल्या तांब्यापितळेच्या भांड्यांविषयीही.

मी सोनार नाही, जुन्या वस्तूंचा व्यापारीही नाही. वर्धा जिल्ह्यात एका कॉलेजात इतिहास शिकवतो. या नादाला मी लागलो तो एका विद्यार्थ्यामुळे. तास संपल्यावर तो खिशातून चांदीचा रुपया काढून म्हणाला, “सर, हा जॉर्जियन होय. विलायतेत याले लाखानं भाव हाय म्हणते.” कुठेतरी वाचले होते त्याने. रुपया १९१८ सालचा, पाचव्या जॉर्जच्या मुखवट्याचा. मला त्याचे मन मोडावे लागले. इंग्रज लोक ज्याला ‘जॉर्जियन’ म्हणतात ते दागिने पहिल्या चार जॉर्ज राजांच्या काळातले, म्हणजे १७१४ ते १८३० या सालांमधले. कोणी तो काळ १८३७ पर्यंत ओढतात. आपल्याकडचा हिशेब लावायचा तर बाळाजी विश्वनाथ १७१३ साली पेशवे झाले आणि १८१८ साली पेशवाई बुडाली. जवळजवळ तोच काळ. रुपयावरचा जॉर्ज पाचवा. नाव एक, काळ वेगळा.

त्या रुपयाला काहीच किंमत नाही असे मात्र नव्हे. १८३५ पासून १९३९ पर्यंतचा चांदीचा रुपया बरोबर एक तोळा, म्हणजे ११.६६ ग्रॅम भरत असे, आणि त्यात बारा भागांपैकी अकरा भाग चांदी असे. म्हणून तर गावोगाव रुपयाचेच वजन करून सोने-चांदी जोखत. १९४० पासून त्यात निम्मीच चांदी राहिली आणि १९४७ चा रुपया निव्वळ निकेलचा निघाला. पाचव्या जॉर्जच्या पहिल्या, १९११ च्या रुपयाची तर गंमतच झाली. राजाच्या झग्यावर एक हत्ती कोरला होता; त्याची सोंड इतकी आखूड उतरली की लोकांना ते डुक्कर वाटले. हिंदूंनाही खपेना, मुसलमानांनाही खपेना. पुढल्या साली टांकसाळीला हत्ती दुरुस्त करावा लागला. तेव्हा आजीच्या रुपयांच्या माळेत १९११ चा रुपया असेल तर भिंग लावून हत्ती पाहून घ्या.

आता त्या खऱ्या जॉर्जियन दागिन्यांकडे वळू, कारण त्यांच्यावरून आपल्या डब्यातले बरेच काही कळते. ते सगळे हाताने घडवलेले. सोने ठोकून पत्रा करायचा, त्यातून घर बनवायचे, त्या घरात हिरा बसवायचा आणि पाठ बंद करून टाकायची. हिऱ्याखाली चकचकीत पातळ पत्रा घालायचा, म्हणजे मेणबत्तीच्या उजेडातही तो लखलखेल. आपल्याकडच्या जुन्या सोनाराला हे ऐकून नवल वाटणार नाही. तो त्याला ‘डांक’ म्हणतो. कुंदनाच्या कामात आणि जुन्या जडावात खड्याखाली हीच डांक असते. आणि हिरा तरी कुठला? १७२० नंतर ब्राझीलमध्ये खाणी सापडेपर्यंत जगाला हिरे पुरवणारा देश मुख्यतः आपलाच होता. गोवळकोंड्याचे नाव सर्वांनी ऐकले आहे, पण आपल्या विदर्भातल्या वैरागडच्या हिऱ्यांच्या खाणीचा उल्लेखही ‘आईन-इ-अकबरी’त आहे. लंडनच्या कुण्या सरदारणीच्या अंगठीत चमकलेला एखादा खडा आपल्या मुलखातल्या मातीतून निघालेला असेल, कोणी सांगावे!

ज्यांना सोने परवडत नसे त्यांची सोयही त्या काळी झाली होती. लंडनमध्ये क्रिस्टोफर पिंचबेक नावाचा एक घड्याळजी होता. त्याने तांबे आणि जस्त यांचा असा मिश्रधातू केला की तो थेट सोन्यासारखा दिसे. १७३२ साली तो वारला, पण त्याचे नाव त्या धातूला चिकटले. आपण नाही का, गळ्यात काय घातलं असं विचारलं की “बेंटेक्सचं आहे” म्हणतो? अगदी तसे. मात्र काळाची थट्टा अशी की आज जुन्या पिंचबेकच्या वस्तू हौशी लोक शोधत फिरतात.

खरे जॉर्जियन दागिने आज फार थोडे उरले आहेत. ते हरवले नाहीत, चोरीलाही गेले नाहीत. ते वितळवले गेले. आजीची फॅशन नातीला आवडेना. खडे काढले, नव्या घाटात बसवले, सोने मुशीत गेले. आपल्याकडे याला एक साधा शब्द आहे: मोड. जुने मोडीत घालायचे आणि नवे घडवायचे. इंग्लंडमधल्या बायकांनी केले तेच आर्वी-हिंगणघाटच्या बायकांनी केले. आता बाजारात ‘जॉर्जियन शैली’चे दागिने मिळतात, पण शैली निराळी आणि काळ निराळा. आपल्या शहरांतल्या पेढ्यांवर ‘पेशवाई नथ’ मिळते. दिसायला सुरेख असते. पण ती गेल्या महिन्यात घडलेली असते. विकत घ्यायला हरकत काहीच नाही, फक्त पेशव्यांच्या नावाचे जादा पैसे मोजू नका.

मोड घालणाऱ्याला मी दोष देणार नाही, कारण माझे शिक्षणच मोडीवर झाले आहे. मी एम. ए. साठी नागपूरला निघालो त्या वर्षी कापसाने दगा दिला. आजीने पुतळ्यांची माळ वडिलांच्या हातात ठेवली. सोनाराने वजन केले, तूट धरली, पैसे दिले. तेवढ्यावर माझी दोन वर्षे निघाली. आजीने सोनाराकडे पाठवण्याआधी एक पुतळी सोडवून देवघरात ठेवली होती. ती आज माझ्याकडे आहे.

पुतळी म्हणजे काय, हे मला इतिहासाचा एम. ए. होऊनही बरीच वर्षे ठाऊक नव्हते! इटलीतल्या व्हेनिस या व्यापारी नगरराज्याने १२८४ साली डुकाट नावाचे सोन्याचे नाणे पाडायला सुरुवात केली. वजन साडेतीन ग्रॅमच्या आसपास, सोने जवळजवळ शंभर नंबरी. पाचशे वर्षे त्याचा घाट बदलला नाही, म्हणून व्यापारात त्याच्यावर डोळे मिटून विश्वास. मिरी-मसाल्याच्या, कापडाच्या मोबदल्यात ते अरबी समुद्र ओलांडून आपल्याकडे आले. त्याच्या एका बाजूला संत मार्क उभा आहे आणि व्हेनिसचा प्रमुख गुडघे टेकून त्याच्याकडून ध्वज घेतो आहे. दुसऱ्या बाजूला ताऱ्यांच्या लांबट कड्यात येशू उभा आहे. आपल्या लोकांना संत मार्क कुठला ठाऊक? माणसांच्या आकृत्या दिसल्या, म्हणून नाण्याचे नाव पडले ‘पुतळी’. १७९७ साली नेपोलियनने व्हेनिसचे राज्य बुडवले. नाणी यायची थांबली, पण माळेची हौस थांबली नाही. मग आपल्या सोनारांनीच ठसे कोरून पुतळ्या पाडल्या. अस्सल कोणती आणि इथली कोणती हे अक्षरांवरून समजते. अस्सल नाण्यावर कडेने लॅटिन अक्षरे नीट वाचता येतात. आपल्या सोनाराला ती लिपी येत नव्हती, त्याने पाहून पाहून रेघा मारल्या. अक्षरांच्या जागी नुसत्या उभ्या काड्या दिसल्या की समजावे, ही देशी पुतळी. मला ती देशी पुतळीच अधिक आवडते. न कळणाऱ्या अक्षरांशी झटणारा कोणी कारागीर तीत दिसतो.

आता आपल्या भागातली सर्वांत मोठी मोड सांगतो. नागपूरचे तिसरे रघुजी भोसले डिसेंबर १८५३ मध्ये वारले. औरस पुत्र नव्हता. डलहौसीने १८५४ साली राज्य खालसा केले; आपला वर्धा जिल्हा त्याच राज्याचा भाग. त्यानंतर वाड्यातले हत्ती, घोडे, बैल सीताबर्डीच्या बाजारात मातीमोलाने विकले गेले आणि जवाहीर, दागिने, सामानसुमान कलकत्त्याला नेऊन लिलावात काढले. राण्यांच्या अंगाखांद्यावरचे ते अलंकार नंतर कोणाच्या हाती गेले, कुठे मोडले गेले, कोणत्या परक्या घरात अजून असतील, याचा माग लागणे कठीण. एखादा समोर आला तरी तो नागपूरचा हे ओळखणार कशावरून? दागिना आपल्या माणसांपासून आणि जागेपासून तुटला की नुसता धातू आणि खडे उरतात.

याच्या उलट गोष्टही वर्ध्यापासूनच सुरू होते. ७ नोव्हेंबर १९३३ ला गांधीजी वर्ध्याहून हरिजन यात्रेला निघाले. सभेत ते बायकांकडे दागिने मागत, तिथेच त्यांचा लिलाव करत आणि पैसे फंडात घालत. किती बांगड्या, किती साखळ्या गेल्या असतील! त्या सगळ्यांत एका मुलीचे दागिने आजही लोकांना आठवतात. जानेवारी १९३४ मध्ये मलबारातल्या वडकरा गावी कौमुदी नावाच्या सोळा वर्षांच्या मुलीने हातातल्या बांगड्या, गळ्यातला हार, कानातले सगळे काढून दिले, आणि पुन्हा दागिने घालायचे नाहीत असे ठरवले. त्या बांगड्या इतरांसारख्याच विकल्या गेल्या. पण गांधीजींनी ‘हरिजन’ पत्रात त्यावर लेख लिहिला. म्हणून वस्तू गेली तरी तिची गोष्ट राहिली. मला जे सांगायचे आहे ते एवढेच आहे. दागिना ठेवणे प्रत्येकाला जमणार नाही. मुलीचे लग्न आहे, दवाखाना आहे, बँकेचे कर्ज आहे. पण मोडीत घालण्याआधी दोन ओळी लिहून ठेवणे कोणालाही जमेल.

संग्रह म्हटला की आपल्याला राजेरजवाडे आठवतात. पुण्याचे दिनकर गंगाधर केळकर राजे नव्हते. चष्म्याचा धंदा करणारे, ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणारे गृहस्थ. १९२० च्या सुमारास त्यांना जुन्या वस्तूंचा छंद लागला आणि आयुष्यभर सुटला नाही. खेडोपाडी हिंडून त्यांनी काय जमवले? दिवे, अडकित्ते, पानाचे डबे, पाय घासायच्या वज्र्या, दौती, कुलपे, दारांच्या चौकटी. घरातल्या बाईच्या हाताला रोज लागणाऱ्या वस्तू, पण कारागिराने जीव ओतून घडवलेल्या. अडकित्त्याने सुपारीच कातरायची, तरी त्याला पोपटाचा नाहीतर घोड्याचा आकार दिला होता. पत्नी कमलाबाईंची त्यांना साथ होती. लहानपणीच गेलेल्या आपल्या मुलाचे, राजाचे, नाव त्यांनी संग्रहालयाला दिले आणि १९७५ साली सगळा संग्रह महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. वीस हजारांवर वस्तू आहेत. पुण्याला गेलात तर बाजीराव रस्त्यावर जाऊन पाहून या. तेवढे लांब जाणे होत नसेल तर आपल्या वर्ध्याचे मगन संग्रहालय आहे. ३० डिसेंबर १९३८ ला गांधीजींच्या हस्ते ते उघडले. तिथला भर ग्रामोद्योगांवर आहे, पण हाताने घडवलेली वस्तू कशी पाहावी हे मुलांना तिथे चांगले समजते.

मग जुनी वस्तू ओळखावी कशी? पुढची बाजू पाहून फसायला होते, म्हणून आधी पाठ पाहा. हाताने घडवलेल्या दागिन्याच्या पाठीवर ठोक्यांच्या, डाखाच्या खुणा असतात. दोन मणी सारखे नसतात. कुडीचे, बुगडीचे मळसूत्र पाहा. हाताने कापलेले आटे वेडेवाकडे असतात. झीज पाहा. माळेची कडी जिथे दोऱ्यावर घासते तिथेच ती पातळ झाली पाहिजे. सगळीकडे सारखाच काळेपणा असेल तर तो मुद्दाम आणलेला समजावा. हॉलमार्क नाही म्हणून आजीचा दागिना खोटा ठरत नाही. आपल्याकडे भारतीय मानक ब्यूरोने सोन्याचा हॉलमार्क २००० साली सुरू केला. तितक्या जुन्या दागिन्यावर तो असणार कुठून? बोरमाळ, ठुशी यांचे मणी बहुधा पोकळ असून आत लाख भरलेली असते, हेही ध्यानात ठेवा. नाहीतर वजन पाहून आनंद होतो आणि मोडीच्या वेळी तोंड उतरते. जुन्या कागदावर ‘पाच तोळे’ लिहिले असेल तर ते जुने तोळे, म्हणजे अठ्ठावन्न ग्रॅमहून थोडे अधिक. आजचा सोनार दहा ग्रॅमला तोळा म्हणतो. हा फरक माहीत नसल्याने कित्येक घरांत भावाभावांत उगाच संशय शिरला आहे.

आणि कृपा करून घासू नका! दिवाळी आली की बाया चिंच, राख, साबण घेऊन बसतात. डांक घातलेली नथ किंवा कुडी पाण्यात बुडवली की पाणी खड्यामागे शिरते, डांक काळी पडते आणि खडा कायमचा आंधळा होतो. मोत्यांना साबण लावू नये. कोरड्या मऊ फडक्याने पुसले की पुरे. दारावर येऊन “चकाकी आणून देतो” म्हणणाऱ्याला तर उंबऱ्याबाहेरच ठेवा. त्याच्या द्रावणात सोने विरघळून राहते.

भांड्यांची गोष्ट थोडी वेगळी आहे. कोपर, गुंड, गडवा, गंज ही आपल्याकडची नावे स्टीलने जवळजवळ पुसून टाकली. जुन्या तांब्याच्या भांड्याचा जोड पाहा, करवतीच्या दातांसारखा एकात एक बसवलेला असतो. आणि काठावरची अक्षरे वाचा. माझ्या वर्गातल्या एका मुलीच्या घरी पितळी कोपर होता. दोन स्टीलच्या डब्यांवर तो भांडेवालीला द्यायचा ठरला होता. मी वर्गात सांगितले होते म्हणून तिने काठावर पातळ कागद ठेवून पेन्सिल घासली. अक्षरे उमटली. एका मुलीचे नाव, ‘हीस वडिलांकडून’, गाव देवळी, शके १८२७. शकात ७८ मिळवले की इसवी सन मिळतो, म्हणजे १९०५. ती त्या मुलीची पणजी. घरात तिचे नाव कोणालाही माहीत नव्हते. जमिनीच्या कागदांवर पणजोबांचे नाव होते, वंशावळीत मुलग्यांची नावे होती, तिचा उल्लेख कुठेही ‘बायको’ यापलीकडे नव्हता. तिचे नाव तेवढे त्या कोपरावर होते. भांडेवाली आली आणि रिकामी परत गेली.

शिक्षकमंडळींना म्हणून माझी एक विनंती आहे. शाळेत एक वही घाला. मुलांनी आजीजवळ बसून लिहावे: वस्तूला घरात काय म्हणतात, ती कोणाची, माहेरची की सासरची, कुठल्या गावच्या सोनाराने किंवा कासाराने घडवली, कोणत्या प्रसंगी घालत. चित्र काढावे, फोटो घेतला तर शेजारी एक रुपया ठेवावा, म्हणजे आकार समजतो. शब्द आजीचेच ठेवावेत, आपण शुद्ध करायला जाऊ नये. एकदाणी म्हणाली तर एकदाणीच लिहावी. डबा कुठे ठेवला आहे हे मात्र वहीत मुळीच लिहू नये! कारागिराचे नाव विशेष करून विचारा, कारण ते सर्वांत आधी विसरले जाते. जानेवारी १९६३ मध्ये सुवर्ण नियंत्रण आले, १४ कॅरेटहून चोख सोन्याचे नवे दागिने घडवायला बंदी झाली आणि कित्येक सोनारांची भट्टी विझली. तो निर्बंध पुढे उठला आणि १९६८ चा सुवर्ण नियंत्रण कायदाही १९९० मध्ये रद्द झाला. पण मधल्या काळात ज्यांनी हातोडी खाली ठेवली त्यांची मुले दुसऱ्या धंद्याला लागली होती.

कायद्याचेही दोन शब्द सांगायला हवेत. आजीची पाटली घरात ठेवायला कोणाची परवानगी लागत नाही. १९७२ चा पुरावस्तू कायदा ५ एप्रिल १९७६ पासून लागू आहे. शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू देशाबाहेर पाठवता येत नाही, तिचा व्यापार करायला परवाना लागतो, आणि मूर्ती, चित्रे, सचित्र पोथ्या अशा ठराविक प्रकारांची नोंदणी करावी लागते. शेतात नांगराला काही लागले तर त्याला १८७८ चा जुना कायदा आहे. जमिनीत दडलेले धन दहा रुपयांहून अधिक किमतीचे असेल तर कलेक्टरला लेखी कळवायचे. सापडणाऱ्याचा वाटा त्या कायद्यातच ठरलेला आहे. लपवले तर तो वाटा जातो आणि शिक्षाही होऊ शकते. पण कायदा बाजूला ठेवला तरी वस्तू कुठे सापडली हे कळणे फार मोलाचे असते. विनोबाजी १९३८ साली पवनारला राहायला आले. तिथे शेत खणताना राम-भरत भेटीचे शिल्प निघाले. ते तिथेच, धाम नदीच्या काठी राहिले, आणि पवनारच्या वाकाटककालीन इतिहासाच्या साखळीत त्याला जागा मिळाली. तेच शिल्प कोणी रातोरात मुंबईला नेऊन विकले असते तर एक सुंदर दगड, एवढेच त्याचे वर्णन झाले असते.

माझ्या पुतळीवर काड्याच आहेत, म्हणजे ती देशी. ती कोणी घडवली हे विचारायला आजी आता नाही. मागल्या उन्हाळ्यात आत्याकडे गेलो, पुतळी तिच्या तळहातावर ठेवली. तिने ती बराच वेळ उलटसुलट केली. “एकवीस होत्या,” ती म्हणाली. “आई दसऱ्याले मोजे.” कुठून आणल्या, कोणत्या सोनाराकडून? “मले काय ठाऊक बापू! आर्वीचा बाजार म्हणे कधी, कधी म्हणे तिच्या आईनं देल्ल्या.” मी चिठ्ठीवर दोन्ही लिहिले, पुढे प्रश्नचिन्ह घातले, खाली आत्याचे नाव आणि तारीख टाकली, आणि चिठ्ठी पुतळीबरोबर डबीत ठेवली.